पंधरा दिवस आधीचं भारूड

सहादेव गर्जे चौथीत माझ्या वर्गात होता तेव्हा त्याचं अक्षर इतकं वाईट होतं की स्वतः लिहिलेलं त्यालाच वाचता यायचं नाही. पाठांतर मात्र पक्कं, एकदा ऐकलं की डोक्यात बसलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, सोनईहून करंजदऱ्याच्या शाळेत नेमणुकीवर आलेला, आणि मुलांच्या अक्षराचं मला भलतंच वेड होतं. त्याच्या बोटांवर मी पट्ट्या मारल्या. अक्षर काही सुधारलं नाही. पाचवीला त्याने शाळा सोडली आणि आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. त्या पट्ट्यांचं मला आज वाईट वाटतं. पण त्याहून वाईट मी पुढे म्हातारपणी केलं, आणि तेच इथे सांगायचं आहे.

करंजदरा जिल्ह्याच्या पूर्व बाजूला, पाऊस चुकवून जातो त्या भागात आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसतं ते चैत्रात परततं. म्हणून आमचा हरिनाम सप्ताह वैशाखात असतो. माणसंच नसतील तर देवाचं नाव भिंतींना ऐकवायचं का, असं आमचे जुने लोक म्हणायचे. काल्याच्या आदल्या दिवशी भारूड होतं. पूर्वी ते रात्री जेवणं उरकल्यावर व्हायचं, पण बिबट्या शिवारात फिरायला लागल्यापासून दुपारी चारला मंडपात होतं. त्यामुळे बायकांची गर्दी वाढली. बिबट्याचे तेवढे उपकार मानायला हवेत.

सहादेवाने सतरा हंगाम ऊस तोडला. मग कंबर गेली. आता दोन एकर बाजरी-तूर, चार शेळ्या आणि बायको सुरेखा, एवढा त्याचा संसार. पण वैशाखातल्या त्या दुपारी तो जोशी व्हायचा. काळा कोट, धोतर, पागोटं, कपाळभर गंध आणि काखेत पंचांग. पंचांग म्हणजे टेलिफोन खात्याची जुनी डिरेक्टरी. शाळेतली अडगळ काढताना मीच ती त्याला दिली होती. पानं उलटत, बोट फिरवत तो गावाचे ग्रह सांगायचा. हे सोंग त्याने मामाकडून घेतलं आणि त्याबरोबर मामाचा एक नेमही घेतला. जोशाने आधी स्वतःचं सांगायचं. वर्षभरात आपल्या हातून काय वाईट घडलं ते देवासमोर, गावासमोर, खरंखरं. ते सांगून झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरात डोकावायचं नाही.

हा नेम तो खेळ म्हणून पाळत नसे. एका वर्षी त्याने सांगितलं, भावाच्या बांधात नांगराच्या दोन ओळी जास्त घातल्या. भाऊ समोरच बसला होता. दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून बांध मागे घेतला. एका वर्षी सांगितलं, दारू पिऊन बायकोवर हात उचलला. सुरेखा पहिल्या रांगेत होती. तिने पदर सावरला आणि मान खाली न घालता नवऱ्याकडे बघत राहिली. त्यानंतर त्याने दारू सोडली. लोक भारुडाला हसायला यायचे हे खरं, पण ही पहिली दहा मिनिटं मंडपात कुणी खोकतसुद्धा नसे. मी तर म्हणतो, सात दिवसांच्या कीर्तनात जेवढा देव नसेल तेवढा त्या दहा मिनिटांत असायचा. कीर्तनकारांनी रागावू नये.

तर दोन वर्षांपूर्वी जोशाने आधी स्वतःचं सांगितलं, मग गावाचं काढलं आणि शेवटी सरकारकडे वळला. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं मागे राहून शिकावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह असायला हवं. ते कागदावर होतं. कागदावर चाळीस मुलं दोन वेळ जेवत होती. प्रत्यक्षात सहादेवाची नात पंकजा तिसरीतून उठून आईबापाबरोबर फडावर गेली होती. जोशाने डिरेक्टरीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "गावात एक घर दिसतंय. चाळीस लेकरं पंगतीला बसल्यात. पन ह्ये घर गावातनं दिसत न्हाई, फकस्त कचेरीच्या खिडकीतनं दिसतंय."

कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं आणि दोन दिवसांत ते सगळीकडे फिरलं. तालुक्याच्या कचेरीतही पोचलं.

पुढच्या वर्षी सप्ताहाच्या परवानगीसाठी सप्ताह कमिटीचा प्रमुख कल्याण कचेरीत गेला तेव्हा त्याच्या हातात एक आदेश ठेवण्यात आला. धार्मिक कार्यक्रमात जे काही बोललं, गायलं जाईल त्याची संहिता पंधरा दिवस आधी सादर करावी. त्यात शासन, शासकीय योजना आणि अधिकारी यांचा उल्लेख नसावा. संहितेबाहेर बोलल्यास कारवाई होईल. कीर्तनकारांनी जुने अभंग लिहून दिले आणि ते सुटले. भारुडाचं काय करायचं? सहादेव तर उभं राहीपर्यंत काय बोलणार हे स्वतःलाही सांगू शकत नव्हता.

कल्याण माझ्याकडे आला. गुरुजी, तुम्हीच काहीतरी लिहा, नाहीतर सप्ताहच बंद पडायचा, म्हणाला. मला आतून बरं वाटलं. निवृत्तीनंतर माणसाकडे कुणी काम घेऊन येत नाही. मी दोन फुलस्केप भरून भारूड लिहिलं. सहादेवाची भाषा धुऊन पुसून स्वच्छ केली. स्वतःचं सांगण्याचा भाग गाळून टाकला, कारण तो कसा लिहिणार? आणि कचेरी खूश व्हावी म्हणून शेवटी एक ओळ माझ्या मनाने घातली: "शासनाने आमच्या लेकरांसाठी केलेल्या सोयींबद्दल आम्ही ऋणी आहोत." ती ओळ मला कुणी सांगितली नव्हती. कल्याणनेही नाही.

सहादेव शेळ्या बांधून आला. मी कागद पुढे केला. वाचून बघ, असं मी म्हटलं नाही. त्याने हात धोतराला पुसले आणि सही केली.

"गुरुजींनी लिवलंय म्हटल्यावर वाचायचं काय?" तो म्हणाला.

वैशाखातल्या त्या दुपारी मंडपात दोन पोलीस आले. त्यातल्या हवालदाराच्या हातात माझे दोन फुलस्केप होते. जोशी उभा राहिला, तसं हवालदाराने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. सहादेवाने नेमाप्रमाणे स्वतःपासून सुरुवात केली. हवालदार कागदावर ते शोधू लागला. पान उलटलं, परत पालटलं. बिचाऱ्याचा गोंधळ बघून बायका हसायला लागल्या. स्वतःचं आणि गावाचं होईपर्यंत त्याने चालवून घेतलं. पण वसतिगृह निघालं आणि तो उठला. माइक हातात घेतला आणि म्हणाला, तुम्ही स्वतः काय लिहून दिलंय ते ऐका. मग त्याने माझी ती शेवटची ओळ सगळ्या गावाला वाचून दाखवली.

सहादेवाने एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी पंख्याकडे बघत होतो.

भारूड तिथेच थांबलं. डिरेक्टरी पंचनामा करून जप्त झाली आणि आदेश मोडला म्हणून सहादेवावर गुन्हा दाखल झाला. पण त्याला जे लागलं ते गुन्ह्याचं नव्हतं. गाव त्याला ऋणी जोशी म्हणायला लागलं. पारावर बसलेली माणसं विचारायची, काय ऋणी जोशी, कुठं निघालात? ज्याने बायकोला मारल्याचं गावासमोर कबूल केलं, तो कचेरीला चोरून गोड लिहून देतो आणि मंडपात वेगळं बोलतो, असा त्याचा अर्थ झाला. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट जपली होती. त्या कोटात उभं राहिल्यावर खोटं बोलायचं नाही. ती एका ओळीने गेली आणि ती ओळ माझी होती. सहादेव कुणाला काही बोलला नाही. मीही बोललो नाही. वर्ष असंच गेलं.

यंदा माघात कचेरीने आणखी एक कागद काढला. भारूड करायचं असेल तर सहादेव गर्जे यांनी आधी हमीपत्र द्यावं: सादर केलेल्या संहितेबाहेर एक शब्दही बोलणार नाही. कल्याणने त्याला खूप समजावलं, सही कर आणि मोकळा हो, एवढ्याशासाठी सप्ताह अडवू नको. सहादेव कागद घेऊन घरी गेला. सुरेखाने तो शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेतला. मग ती म्हणाली, "सही करा न्हायतर करू नका. पन ह्या टायमाला वाचून करा."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला. मग विचारलं, ईराताई वकील हाय न्हवं?

ईरा माझी मुलगी. संभाजीनगरला खंडपीठात वकिली करते. तिने कागद मागवून घेतले आणि फोनवर मला म्हणाली, बाबा, हे प्रकरण उभं राहतं. बोलण्याआधीच बोलणं तपासून घ्यायचा अधिकार कचेरीला कोणत्या कायद्याने दिला, ते त्यांना दाखवावं लागेल. आणि देवासमोर काय म्हणायचं हेही कचेरी ठरवणार असेल तर तो धर्मस्वातंत्र्याचाही प्रश्न आहे. तिने याचिका दाखल केली. आदेश रद्द करा, हमीपत्र रद्द करा, गुन्हा रद्द करा.

चैत्रात सरकारचं उत्तर आलं. त्याच्या मागे जोडलेली होती माझी संहिता. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी आणि सहादेव ईराच्या घरी मुक्कामाला होतो. सहादेव अंगणात तंबाखू मळत बसला होता. ईराने ते दोन कागद जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवले.

"हे अक्षर मी ओळखणार नाही असं वाटलं का तुम्हाला?" ती म्हणाली.

उद्या सरकारी वकील हाच कागद पुढे करणार, हे तिने समजावून सांगितलं. अर्जदाराने अट स्वतः मान्य केली, स्वतःच्या हाताने संहिता दिली आणि मग मोडली, असं ते म्हणतील. तुम्ही शपथपत्र द्या की लिहिलं तुम्ही, काकांनी न वाचता सही केली. पेन्शनची काळजी वाटते का? मी हो म्हणालो. ते खोटं होतं. पेन्शनला काही होणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. जवळजवळ चाळीस वर्षं गावाला शुद्ध आणि खरं लिहायला शिकवलेल्या माणसाने कचेरीची खुशामत लिहिली, हे गावाला कळू नये, एवढंच मला हवं होतं. भेकड माणूस आपल्या भीतीला नेहमी चांगलं नाव देतो. मी दिलं.

पण शपथपत्राला खरी आडकाठी सहादेवाने घातली. तो आत आला आणि ईराला म्हणाला की गुरुजींचं नाव मधे आणायचं नाही. सही माझी, भोगायचं ते मी भोगीन. ईरा चिडली. काका, केस हरू आपण, म्हणाली. तो म्हणाला, मग हरू. माझी मान वर झाली नाही.

खंडपीठात दोन न्यायमूर्ती होते. ईराचं बोलणं झालं. सरकारी वकील अगदी ईराने सांगितलं तसंच बोलले, वर गावातली शांतता बिघडण्याची शक्यता होती असंही म्हणाले. वडीलधाऱ्या न्यायमूर्तींनी विचारलं, आजवर कधी बिघडली का? वकिलांनी कागद चाळले. नाही, पण शक्यता आहे, म्हणाले. मग संहिता पुढे आली. न्यायमूर्तींनी ती बराच वेळ वाचली आणि विचारलं, अर्जदार इथे आहेत का? सहादेव मागच्या बाकावरून उठला. टोपी काढून हातात धरली.

न्यायमूर्ती मराठीत बोलले. ही सही तुमची का? व्हय, माझी, तो म्हणाला. मग गेल्या वर्षी लिहून देता आलं, तर यंदा का नाही? मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. एक वाक्य, गुरुजींनी लिहिलं, आणि तो सुटला असता.

सहादेव म्हणाला, "साहेब, आमच्या सोंगात आधी सोताचा गुन्हा सांगावा लागतो. देवाफुडं. कागद तर पंधरा दिस आधी मागत्यात. ह्या पंधरा दिसांत माझ्या हातनं काय वंगाळ घडंल, त्ये आत्ताच कसं लिवून दिऊ? आन घडल्यालं बोललो न्हाई, तर मग त्यो देवाचा मंडप कशाचा?"

न्यायमूर्तींनी संहिता खाली ठेवली. सरकारी वकिलांना त्यांनी एवढंच विचारलं, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

सप्ताहाच्या पाच दिवस आधी निकाल आला. ईराने फोनवर वाचून दाखवला. माणसाने बोलण्याआधी त्याचे शब्द तपासून घेण्याचा आदेश कोणत्याही कायद्यावर उभा नाही. पूजेत, कीर्तनात, भारुडात काय यावं हे कचेरीने ठरवायचं नाही. कुणी भडकावलं, कुणाचं नुकसान केलं, तर त्यासाठी कायदे आहेत, पण टीका झाली म्हणजे शांतता बिघडली असं होत नाही. आदेश, हमीपत्र, गुन्हा, तिन्ही रद्द. जप्त केलेली वस्तू परत द्यावी. सहादेवाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझं पंचांग कधी मिळंल?

ते सप्ताहाच्या चौथ्या दिवशी मिळालं. वरचं पुठ्ठ्याचं मुद्देमालाचं लेबल त्याने काढलं नाही, तसंच राहू दिलं.

भारुडाच्या दिवशी मंडप पुरला नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. बाजूच्या कनातीच्या खांबाला टेकून तोच हवालदार उभा होता, या वेळी हातात काही नव्हतं. पंकजा आजीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. सगळ्यांना वाटत होतं की जोशी आता कचेरीची चांगली हजेरी घेणार. मी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर होतो. म्हाताऱ्यांना खुर्ची देतात.

सहादेव उभा राहिला. लेबल लावलेली डिरेक्टरी उघडली, पानावर बोट फिरवलं आणि थांबला.

"गेल्या सालचं ऱ्हायलंय, त्ये आधी," तो म्हणाला. "म्या एका कागदावर न वाचता सही केली. भ्यालो हुतो, भारूड बंद व्हईल म्हनून. त्या कागदात खोटं हुतं. त्ये माझ्या नावानं कचेरीत गेलं, कोर्टात गेलं. तुमी मला ऋणी जोशी म्हनता, त्ये बराबर हाय. गुन्हा माझा हाय."

एवढंच. पुढे काही नाही. कुणी लिहिलं ते नाही. त्याने वर बघितलंही नाही, पान उलटायला बोट ओलं केलं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच बोटावर मी पट्टी मारली होती. माझ्या लक्षात आलं की हे पान उलटलं की संपलं, मग गावाचे ग्रह सुरू होतील, लोक हसतील आणि ती ओळ कायमची त्याच्या नावावर राहील. तो ती ठेवून घ्यायला तयार होता.

मी उठलो. गुडघ्यांमुळे मला उठायला वेळ लागतो. तेवढ्यात सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली होती.

"तो कागद मी लिहिला," मी म्हणालो. "ऋणी आहोत ही ओळ माझी. मला कुणी सांगितली नव्हती. सहादेवाला मी वाचून दाखवलं नाही, आणि वर्षभर गप्प बसलो."

आवाज इतका बारीक आला की मागच्यांना ऐकू गेलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणाले गुरुजी? कल्याणने माइक आणून माझ्या हातात दिला. मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, माइकवर, अख्ख्या गावाला. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

मंडपात कुणी खोकलं नाही. सुरेखा माझ्याकडे बघत होती, त्या वर्षी नवऱ्याकडे बघितलं होतं तशी. सहादेवाने डिरेक्टरी मिटली, पागोटं सारखं केलं, आणि मला वाटलं आता हा रडतो की काय. मीच रडत होतो.

"बसा गुरुजी," तो म्हणाला. "झालं तुमचं."

मग त्याने पंचांग पुन्हा उघडलं, पंकजाकडे बघितलं आणि वसतिगृहाच्या पानावर बोट ठेवलं.